वापर त्याचा, नाव माझं

आमच्या घरात वाहन चालवणाऱ्याच्या नावावर कधीच नसतं, मोठ्याच्या नावावर असतं. सांगलीला आमच्याकडे स्कूटर होती ती वडिलांच्या नावावर. वडिलांना स्कूटर येत नव्हती. ते मागे बसायचे, चालवायचो मी, आणि पोलिसानं अडवलं की खिशातून कागद काढायचे ते. ते गेल्यावरही ती स्कूटर कित्येक वर्षं त्यांच्याच नावावर गावभर फिरली. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही.

त्यामुळे माझ्या धाकट्या भावानं इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला गाडी घ्यायची काढली, तेव्हा ती माझ्या नावावर घेतली गेली यात कुणालाच नवल वाटलं नाही. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. एमएसला मीच त्याला बोलावून घेतला होता. नोकरी लागली, लग्न व्हायचं होतं, आणि त्याला हवी होती लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन स्पोर्ट्स कार. गर्द हिरवी. नवा लायसन्सवाला, अविवाहित, त्यातून असली गाडी. इन्शुरन्सवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून तो फोनवरच हसायला लागला. माझ्या नावावर घेतली, माझ्या पॉलिसीत चढवली, त्याला नुसता ड्रायव्हर म्हणून दाखवला, की तोच आकडा निम्म्याखाली येत होता. पैसे सगळे त्यानं भरले. सही मी केली.

"दादा, म्हणजे कागदोपत्री तू मला तुझी गाडी चालवायला देतोयस."

"उपकार मान."

"मानले. पेट्रोलचे पैसे देशील?"

वापर त्याचा, नाव माझं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

शिकागोच्या बाजूला राहणाऱ्यांना माहीत आहे, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो, पण ते मीठ गाडीचा तळ खातं. असली गाडी कुणी नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर काढत नाही. भावाच्या अपार्टमेंटला गराज नव्हतं, म्हणून गाडी हिवाळाभर माझ्याकडे. माझं गराज दोन गाड्यांचं. एका बाजूला माझी रोजची गाडी, दुसरीकडे पांघरूण घातलेली त्याची. आणि माझ्या बायकोची व्हॅन बाहेर, ड्राइव्हवेवर. रोज सकाळी ती कामावर जाण्याआधी काचेवरचा बर्फ खरवडायची. मी म्हणायचो, माझी बाहेर लावतो, तुझी आत घे. ती म्हणायची, तुमची ट्रेन लवकरची, राहू द्या. मग मी राहू द्यायचो. तो खरवडण्याचा आवाज मला चहा पिताना ऐकू यायचा.

"तुमच्या दुसरीला पांघरूण आहे ना नीट?" ती विचारायची. "पहिलीला काय, थंडीची सवय आहे."

दर शनिवारी सकाळी भाऊ यायचा. पांघरूण काढायचा, टायरची हवा बघायचा, बॅटरीच्या चार्जरचा हिरवा दिवा बघायचा, मग गराजचं दार वर करून इंजिन सुरू करायचा. हिवाळ्यात असं नुसतं उभ्या उभ्या सुरू करून गाडीचं काही भलं होत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. भलं व्हायचं ते आमचं. आम्ही दोघं बोलणारे नाही. समोरासमोर बसवलं तर आम्ही हवापाण्याच्या पुढे जात नाही. पण दोघंही उघड्या बॉनेटमध्ये बघत उभे असलो की बोलता यायचं. मला एकदा नोकरीतून काढलं, ते मी बायकोच्या आधी तिथे त्याला सांगितलं. तो बाप होणार हे त्यानं तिथे सांगितलं, डिपस्टिक पुसता पुसता. आईला पुण्याला बहिणीकडे ठेवायचं की सांगलीतच बाई ठेवायची, हे तिथे ठरलं. बायको चहा आणून द्यायची आणि विचारायची, "काय म्हणतंय इंजिन?" आम्ही म्हणायचो, ठीक आहे.

एका सप्टेंबरात त्यानं सांगितलं की तो जातोय. नेदरलँड्सला. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून राहून त्याला विटल्यासारखं झालं होतं. इथली नोकरी गेली की देश सोडायला मोजके दिवस हातात, मुलगा शाळेत, बायकोला कामाचा परवाना कधी आहे, कधी नाही. तिकडच्या कंपनीनं चांगली ऑफर दिली होती, रुजू व्हायचं मे महिन्यात.

"हे बरं केलंस," मी म्हणालो. खरंच बरं होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

"आणि ही येणार बरोबर," असं म्हणून त्यानं बॉनेटवर हात ठेवला.

रात्रीच्या जेवणाला सगळे होतो तेव्हा हसायला बराच विषय झाला. भावाची बायको म्हणाली, "तिथे गल्ल्या एवढ्याशा आहेत, हिचं नाक एका गल्लीत आणि शेपूट दुसऱ्या गल्लीत राहील." माझी मुलगी म्हणाली, "काका, एव्हरीवन बाइक्स देअर." भाऊ म्हणाला, सगळे सायकलवर, म्हणूनच तर रस्ता मोकळा मिळेल. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, टॅक्सचं वगैरे तू बघ ना. तुला कागद कळतात."

हेही आमच्याकडचंच. कागद मोठ्यानं बघायचे. त्याच्या कॉलेजचे, व्हिसाचे, घरभाड्याचे, सगळे कागद मी वाचले होते आणि तो मी बोट ठेवेन तिथे सही करत आला होता. इंजिनाचा एकेक नट त्याला पाठ, पण करारपत्राचं दुसरं पान त्यानं आयुष्यात उलटलं नसेल.

मी वाचायला बसलो. अमेरिकन स्पोर्ट्स कार तिकडे नेणं म्हणजे काय प्रकार असतो ते मला तेव्हा कळलं. आधी गाडीवर आयात शुल्क. मग गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि ते शुल्क या सगळ्याच्या बेरजेवर व्हॅट, म्हणजे करावरही कर. त्यानंतर नोंदणीचा कर, आणि तो गाडी किती धूर सोडते त्यावर. इथे जे आठ सिलिंडर मिरवायचे, त्यांचेच तिथे पैसे भरायचे. आमच्या हिरवीचा हिशोब मी घालून बघितला, तर एकूण कर तिला आज बाजारात कुणी दिली असती त्या किमतीच्या वर जात होता. शिवाय दर तीन महिन्यांनी रस्त्याचा कर, वजनाप्रमाणे.

"वजनावर?" बायको म्हणाली. "रद्दीसारखं?"

"रद्दीचे आपल्याला मिळतात."

तिकडच्या लोकांचा मला राग नाही आला. देश चिमुकला, अर्धा समुद्रातून काढलेला. त्यांनी ठरवलंय की धुराला किंमत आहे आणि ती धूर सोडणाऱ्यानं द्यायची. आपल्यासारख्यांना ते कडक वाटतं, पण त्यात लबाडी नाही. सगळं लिहून ठेवलेलं आहे. आणि तिथेच एक सवलतही लिहिली होती. तुम्ही बाहेरून तिकडे कायमचे राहायला जात असाल, तर भांडीकुंडी, सोफा, पलंग यांच्याबरोबर तुमची गाडीही घरसामान म्हणून नेता येते. शुल्क नाही, व्हॅट नाही, नोंदणीचा करही माफ. अट एवढीच की निघण्याआधी निदान सहा महिने ती गाडी तुमची असली पाहिजे. तुमच्या नावावर, आणि तुमच्या वापरात.

ती ओळ मी दोनदा वाचली. निघायला सात महिने होते. मी बसल्या जागेवरून फोन करून म्हणालो असतो, अरे, या आठवड्यात गाडी तुझ्या नावावर करून घे, तर विषय तिथेच संपला असता. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाच्या, मागे माझी एक सही, आणि त्याची ऑफिसात एक फेरी.

मी फोन केला. म्हणालो, "राहायला जाणाऱ्याला सगळं माफ असतं. काळजी करू नकोस."

"नावावर करून घ्यायला लागेल ना माझ्या?"

"घेऊ. मार्चमध्ये इन्शुरन्स रिन्यू होतो, तेव्हा एकदमच करू. आत्ता बदललं तर तुझा प्रीमियम उगाच वाढेल."

"ओके, तू सांगशील तसं."

हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. इन्शुरन्सचं कारण खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं. मला गाडी नको होती. ती चालवायला मला कधीच जमली नाही, एवढी खाली बसते की माझी कंबर धरते. मला हवं होतं ते गाडी इथे राहणं. ती इथे राहिली तर तो दर उन्हाळ्यात येईल, पांघरूण काढेल, आणि आम्ही बॉनेटमध्ये बघत उभे राहू. मी मनात असं ठरवलं होतं की मार्चमध्ये हळहळल्यासारखं म्हणायचं, अरेरे, सहा महिन्यांची अट निघाली बघ, राहू दे आता इथेच. मग मार्च आला आणि माझ्या लक्षात आलं की हे म्हणायचं तर हेही सांगावं लागेल की अट मला कधीपासून माहीत आहे. नाही सांगितलं तरी तो विचारणारच. माझी जीभ उचलली नाही. मी टायटलवर सही करून दिली. वाटलं, वापर तर त्याचाच होता इतकी वर्षं, तिकडचा माणूस समजून घेईल. आपल्याकडे घेतात तसं.

एप्रिलच्या शेवटी ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. बायको ड्राइव्हवेवर उभी होती. ट्रक वळल्यावर म्हणाली, "चला, आता माझ्या व्हॅनला घर मिळालं." मे महिन्यात भाऊ गेला. गराजमधली त्याची जागा मी रिकामीच ठेवली. खाली तेल टिपायचा ट्रे, भिंतीवर चार्जर. व्हॅन बाहेरच. बायकोनं पुन्हा तो विषय काढला नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्याचा फोन आला. गाडी बंदराच्या गोदामात पडून होती. सवलत नाकारली होती. एजंटनं त्याला सांगितलं होतं की नाव मार्चमधलं आहे आणि त्याआधीचे इन्शुरन्सचे सगळे कागद दुसऱ्याच माणसाचे आहेत.

"तो दुसरा माणूस माझा भाऊ आहे म्हटलं. तो म्हणाला, मग गाडी तुमच्या भावाची आहे. आता बोल." तो हसला. "बरोबरच आहे म्हणा त्याचं."

"मग आता?"

"भरायचे. किंवा परत पाठवायची. गोदामाचं भाडं चढतंय रोज." आणि म्हणाला, "दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझी काही चूक नाही. मीच वाचायला हवं होतं एकदा."

मी गराजमध्ये उभा होतो. मी म्हणालो, बघू या काहीतरी. आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन-तीन शनिवार तो तेच बोलत राहिला. अपील करता येतं का, वकिलाला किती लागतील. मी ऐकत होतो. त्यानं माझी इतकी बाजू घेतली की मला ते ऐकवेना. त्याच्या बायकोला तो सांगत होता की दादानं तर आपले पैसे वाचावेत म्हणून मार्चपर्यंत थांबवलं. तिनं मला स्वतः फोन करून सांगितलं, "दादा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळेच आजवर सगळं निभलंय." हो हो म्हटलं.

सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, "ठरवलं. भरून टाकतो."

"एवढे कुठून?"

"तिकडच्या रिटायरमेंट खात्यातले काढतो."

मी म्हणालो, त्यावर दंड लागेल, शिवाय टॅक्स लागेल, वेड लागलंय का तुला. तिकडे घर घ्यायचंय, मुलाचं सगळं नव्यानं बसवायचंय.

"माहितीये रे. पण इतकी वर्षं तू सांभाळलीस ती. वहिनी बर्फात गाडी लावत आली तिच्यापायी. आता दोन कागदांवरून टाकून देऊ? मला नाही बरं वाटत."

बायको तेव्हा बाहेर कचऱ्याचा डबा आत ओढत होती. मी तिच्याकडे बघत बघत त्याला सांगितलं. म्हणालो, मला माहीत होतं.

"काय माहीत होतं?"

"सहा महिन्यांचं. तू मला बघायला सांगितलंस त्याच आठवड्यात मी वाचलं होतं."

त्याला वाटलं मी विसरलो असं म्हणतोय. म्हणाला, "असू दे रे, होतं असं, इतक्या गोष्टी होत्या..."

"विसरलो नाही. सांगितलं नाही. गाडी इथे राहावी म्हणून."

तो म्हणाला, "तुला हवी होती गाडी? मागायचीस ना. दिली असती."

"गाडी नको होती."

यापुढचं वाक्य माझ्याकडून आलं नाही. तू यावास म्हणून, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ते म्हणता आले नाहीत, आणि समोर बॉनेटही नव्हतं. मी म्हणालो, कर मी भरतो. त्यावर तो पहिल्यांदा चिडला.

"पैशाचं बोलू नकोस दादा. पैशाचं आहे का हे? मी इकडे सगळ्यांना सांगत बसलो दादानं असं केलं, दादानं तसं केलं. लाज वाटते मला आता."

त्यानं फोन ठेवला. बायको गराजच्या दारात उभी होती. तिनं माझ्या बाजूचं सगळं ऐकलं होतं. ती रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "तो चिडला असेल तर बरोबर आहे त्याचं," आणि मग, "चला, आत या, गार वारा सुटलाय."

त्यानं रिटायरमेंटचे पैसे काढले नाहीत. गाडी परत पाठवली, पण माझ्याकडे नाही. बाल्टिमोरच्या बंदरावरून तिथल्याच एका डीलरनं ती उचलली. कुणी घेतली ते त्यानं विचारलं नाही आणि मीही नाही. ही बातमी मला त्याच्या बायकोकडून कळली. तिच्या आवाजात आधीसारखं दादा होतं, पण ती घाईत होती.

शनिवार रिकामे गेले. ऑक्टोबर गेला. मी सकाळी सवयीनं गराजमध्ये जायचो, चार्जरकडे बघायचो. तो कशालाच जोडलेला नव्हता, तरी भिंतीतला प्लग काढला नव्हता. मला फोन करता आला असता. मी केला नाही, कारण करून काय बोलायचं ते मला येत नव्हतं. हे कारण आहे, सबब नाही. निदान मला तसं वाटतं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या शनिवारी त्याचा फोन आला.

"मीठ टाकलं का रस्त्यावर?"

"टाकलं. काल रात्रीच."

"इथे पाऊसच आहे नुसता. सायकल घेतलीये. ब्रेक करकर करतोय सारखा."

"पॅड बघ. ओले झाले की वाजतात."

"पॅड नवे आहेत."

"मग रिम पुसून घे. तेल उडालं असेल चेनचं."

तो म्हणाला, असेल. त्याच्या मागे पावसाचा आवाज येत होता आणि त्याचा मुलगा काहीतरी मागत होता. मी म्हणालो, "तू यावास म्हणून केलं ते."

"कळलं मला," तो म्हणाला. "नंतर कळलं. पण चुकलंच ते."

"हो."

"न सांगता करायला नको होतंस. यायला काय, मी तसाही आलो असतो."

मी हो म्हणालो. त्याचा राग सगळा गेला असं मी म्हणणार नाही. तो त्याचे कागद आता स्वतः वाचतो, आणि मधूनच एखादी अट मला वाचून दाखवतो, जरा जास्तच सावकाश. मी ऐकून घेतो. तेवढं त्याचं माझ्याकडून येणं आहे.

त्या दिवशी फोन ठेवताना त्यानं विचारलं, "माझ्या जागेत काय लावलंयस?"

"काही नाही."

"म्हणजे वहिनीची व्हॅन बाहेरच?"

"बाहेरच."

"दादा, अरे आत घे ती. काय बाहेर ठेवलीस अजून."

मी कोट चढवून बाहेर गेलो. काचेवर बोटभर बर्फ होता. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, तिला वाटलं मी कुठे निघालोय. सगळी काच मी खरवडली, हात बधिर होईपर्यंत. मग आत जाऊन तेलाचा ट्रे उचलून कडेला ठेवला. त्याच्याखाली जमिनीवर डाग होता, हिरवीच्या नाकाच्या बाजूला थोडा रुंद. व्हॅन हळूहळू त्याच्यावर घेतली आणि गराजचं दार खाली सोडलं.